लिनक्सवर विंडोजचे विमान

१९८० च्या दशकात आयबीएमच्या पीसीची नक्कल करणारे स्वस्त संगणक बाजारात आले. ते अस्सल पीसीसारखे चालतात की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांच्यावर दोन प्रोग्रॅम लावून पाहण्याची रीत होती. एक लोटस १-२-३ आणि दुसरा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. ब्रूस आर्टविक यांनी घडवलेला हा दुसरा प्रोग्रॅम १९८२ च्या नोव्हेंबरात पीसीवर आला. तो आपल्याच फ्लॉपीवरून सुरू होई आणि पडदा, कळफलक, घड्याळ यांच्याशी थेट बोले. नकली संगणकात जरा कुठे उणे असले की विमान धावपट्टी सोडण्याआधीच सगळे बंद पडे. लिनक्सवर विंडोजचे फ्लाइट सिम्युलेटर चालवणे हीसुद्धा तीच परीक्षा आहे, फक्त आता नक्कल यंत्राची नसून विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीमची आहे.

हा प्रश्न हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ घेऊ न शकणारे, पण अजून ठणठणीत असलेले संगणक देशभर आहेत आणि त्यांना लिनक्स हा सरळ पर्याय आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळ वसलेल्या सिरोंच्यासारख्या ठिकाणी तर नवा संगणक घेण्यापेक्षा आहे तो चालता ठेवणे जास्त व्यवहार्य. अशा संगणकावर लिनक्स टाकल्यावर विमानाचा खेळ सोडून द्यावा लागतो का, आणि लागत नसेल तर कोणता खेळ कसा चालतो, एवढाच मुद्दा आहे.

मार्ग मोजकेच आहेत. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवून हवे ते सुरू करणे, म्हणजे ड्युअल बूट, हा सर्वांत जुना. तो खात्रीचा असला तरी लिनक्सवर चालवण्याचा प्रश्न तो टाळतो आणि दीडशे जीबीच्या खेळासाठी डिस्कचे दोन तुकडे पाडतो. दुसरा मार्ग लिनक्सच्या आत आभासी संगणक उभारून त्यात विंडोज बसवण्याचा. त्यात पुरेसा वेग हवा तर एक ग्राफिक्स कार्ड पूर्णपणे त्या आभासी संगणकाच्या ताब्यात द्यावे लागते, म्हणजे बहुधा दोन ग्राफिक्स कार्डे लागतात. साध्या लॅपटॉपवर हा विचारही करू नये. ब्राउझरमधून दूरच्या सर्व्हरवरचा खेळ पाहत खेळण्याची सोयही आहे, पण तिला अखंड आणि वेगवान इंटरनेट लागते. उरतो तो वाइनचा मार्ग, आणि गेल्या काही वर्षांतली खरी प्रगती तिथेच झाली आहे.

वाइनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचे सूत्रधार आहेत. आवृत्ती १.० यायला २००८ चा जून उजाडला. पंधरा वर्षांचा हा काळच कामाचा आवाका सांगतो. वाइन म्हणजे संगणकाच्या आत उभारलेला नकली संगणक, असा समज अनेकांचा असतो, पण तसे नाही. विंडोजचा प्रोग्रॅम आणि लिनक्सचा प्रोग्रॅम एकाच प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेले असतात. बेरीज, गुणाकार, तुलना या सूचना दोघांच्या सारख्याच. फरक पडतो तो प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडे काही मागतो तेव्हा: फाइल उघड, खिडकी काढ, आवाज वाजव, जॉयस्टिक कुठे वळली ते सांग. या मागण्या विंडोजमध्ये डीएलएल नावाच्या फाइली पुऱ्या करतात. वाइनने त्याच नावांच्या, तीच उत्तरे देणाऱ्या फाइली स्वतः लिहिल्या आहेत आणि त्या मागणीचे काम लिनक्सकडून करून घेतात. विमानाच्या पंखावरील बलांचे गणित म्हणूनच वाइनखाली जवळपास पूर्ण वेगाने चालते.

खरी अडचण चित्राची होती. विंडोजवरचे खेळ डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून चित्र काढतात आणि ती लिनक्सवर नाही. वाइन बराच काळ तिचे रूपांतर ओपनजीएलमध्ये करी. त्यात वेग फार जाई. ढग आणि शहरे दाटली की चित्र अडखळे. व्हल्कन ही नवी, ग्राफिक्स कार्डाच्या जवळ जाणारी यंत्रणा आल्यावर हे बदलले. फिलिप रेबोले यांनी डीएक्सव्हीके हा दुभाषा लिहिला. तो डायरेक्टएक्सच्या जुन्या आवृत्त्यांच्या, आज ८ पासून ११ पर्यंतच्या, सूचना व्हल्कनमध्ये बदलतो; डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. वाल्व्ह कंपनीने २०१८ च्या ऑगस्टमध्ये वाइन आणि असे दुभाषे एकत्र बांधून प्रोटॉन या नावाने आपल्या स्टीम दुकानात घातले. २०२२ मध्ये तिने लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे हातातले यंत्र विकायला काढले, आणि विंडोजचे खेळ लिनक्सवर चालणे हा एका मोठ्या कंपनीच्या धंद्याचा भाग झाला. आजची परिस्थिती या एका निर्णयामुळे आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

आणखी एक सुधारणा सिम्युलेटरांना विशेष लागू पडते. हवामान, रहदारी, भूदृश्य, कॉकपिटची उपकरणे अशी अनेक कामे एकाच वेळी चालतात आणि ती एकमेकांसाठी थांबतात. ही थांबण्या-उठण्याची देवघेव वाइन पूर्वी एका मध्यस्थ प्रोग्रॅममार्फत करी, त्यामुळे खोळंबा होई. मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ६.१४ आवृत्तीत एनटीसिंक ही सोय पूर्णत्वाने आली आणि हे काम थेट कर्नलमध्ये होऊ लागले.

आता एकेक खेळ पाहता येईल. २००३ चा एफएस २००४ आणि २००६ चा एफएसएक्स हे मायक्रोसॉफ्टचे दोन जुने सिम्युलेटर महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सीडीवरून पोहोचले होते. त्यांना मोठे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, म्हणून जुन्या संगणकावर तेच आधी आठवतात. पण लिनक्सवर ते नव्या खेळांपेक्षा जास्त त्रास देतात. जुन्या सीडींवरची चोरीविरोधी कुलपे विंडोजच्या अगदी आत ड्रायव्हर बसवू पाहतात आणि वाइनमध्ये त्यांना जागा नाही. अशा काही कुलपांना विंडोज १० नेही दार बंद केले होते. एफएसएक्सला मायक्रोसॉफ्टचे जुने एक्सएमएल घटक हवे असतात आणि त्याची जोड-विमाने सिमकनेक्ट या दुव्यातून बोलतात. हे घटक वाइनट्रिक्स या साधनाने एकेक करून बसवावे लागतात. शिवाय दोन्ही ३२-बिट आहेत. ६४-बिट उबुंटू लिनक्सवर ३२-बिट लायब्ररी न टाकता वाइन वापरायला जाणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे आणि तिचा संदेश इतका मोघम येतो की दोष खेळाचाच वाटतो. वाइनच्या ९.० पासूनच्या आवृत्त्यांत ही अट सैल होत चालली आहे. एफएसएक्स चालवायचाच असेल तर डोव्हटेलने डिसेंबर २०१४ मध्ये स्टीमवर आणलेली आवृत्ती घ्यावी. तिच्यात सीडीची कटकट नाही.

१८ ऑगस्ट २०२० रोजी आलेला, फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने घडवलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा या सगळ्या चर्चेचा केंद्रबिंदू आहे. तो स्टीमवरून घेतला तर लिनक्सवर चालतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पासमधून घेतलेली प्रत मात्र चालत नाही, कारण ती विंडोजच्याच दुकान-यंत्रणेत गुंडाळलेली असते. विकत घेताना एवढी एक गोष्ट चुकली की पुढचे सारे कौशल्य वाया जाते. स्टीममध्ये खेळाच्या गुणधर्मांत कम्पॅटिबिलिटी या भागात प्रोटॉनची आवृत्ती निवडायची, की लिनक्सकडून करायचे बहुतेक काम झाले. एक आवृत्ती अडली तर दुसरी लावून पाहायची. पहिल्या उड्डाणात चित्र थोडे अडखळते. ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम त्याच वेळी नव्याने घडवले जात असतात आणि एकदा घडले की साठवले जातात. पहिल्या पाच मिनिटांवरून निकाल देऊन खेळ काढून टाकणे घाईचे ठरते.

या खेळाचे खरे ओझे इंटरनेटचे आहे. स्टीमवरून येतो तो छोटा आरंभक. शंभराहून अधिक जीबीचा मुख्य मजकूर खेळ स्वतः आतून उतरवतो, आणि तो वेळ स्टीम खेळलेला वेळ म्हणून मोजते. दोन तासांच्या आत खेळ परत करण्याची मुभा अशा डाउनलोडमध्येच संपून जाते. त्यानंतरही जमिनीची चित्रे उड्डाणाच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून येत राहतात. २०२० च्या आवृत्तीची किमान अपेक्षा ८ जीबी रॅम, १५० जीबी डिस्क आणि सेकंदाला ५ मेगाबिट वेग अशी आहे. १९ नोव्हेंबर २०२४ च्या नव्या आवृत्तीत डिस्कची गरज ५० जीबीवर आली, पण किमान रॅम १६ जीबी झाली आणि वेगाची किमान अपेक्षा १० मेगाबिट. म्हणजे डिस्कवरचा भार नेटवर्कवर ढकलला गेला. मुंबई-पुण्याच्या फायबर जोडणीवर हे सोयीचे आहे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही वारंवार खंडित होणाऱ्या दुर्गम तालुक्यात ते नेमके उलटे पडते. २०२० च्या आवृत्तीत निवडलेल्या प्रदेशाची माहिती आधी उतरवून ठेवण्याची सोय आहे, आणि अशा ठिकाणी तीच आवृत्ती अजून जास्त उपयोगाची आहे.

लढाऊ विमानांच्या चाहत्यांसाठी डीसीएस वर्ल्ड हा तपशीलवार सिम्युलेटर वाइन-प्रोटॉनखाली चालवणारी जाणती मंडळी जगभर आहेत. त्यालाही भरपूर रॅम आणि डिस्क लागते.

खेळ सुरू झाला म्हणजे विषय संपत नाही; सिम्युलेटरचा आनंद त्याच्या जोडसामानात असतो. जॉयस्टिकच्या बाबतीत लिनक्सची बाजू चांगली आहे. लॉजिटेक एक्स्ट्रीम ३डी प्रो सारखी भारतात सहज मिळणारी काठी जोडताच ओळखली जाते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पॅडल, थ्रॉटल अशी तीन-चार उपकरणे असतील तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्यांचा क्रम बदलू शकतो आणि खेळातली जुळणी विस्कटते. डोके वळवले की दृश्य वळावे यासाठीचा ओपनट्रॅक हा मुक्त प्रोग्रॅम लिनक्सवर आहे आणि वाइनमधल्या खेळाला माहिती पोहोचवण्याची वाट त्यात केलेली आहे. पैसे देऊन घेतलेल्या जोड-विमानांचे मात्र सांगता येत नाही. त्यांचे इन्स्टॉलर, परवाना तपासणारे प्रोग्रॅम, बाहेरून चालणारी साधने ही सगळी त्याच वाइनच्या खोक्यात चालवावी लागतात, आणि एखादे साधन अडते.

एक छोटी गोष्ट अनेकांना छळते. विंडोज फाइलींच्या नावांत इंग्रजी मोठी-लहान अक्षरे एकच मानते, लिनक्स ती वेगळी मानते. जोड-भूदृश्याची झिप फाइल लिनक्सच्या साधनाने उलगडली की ‘टेक्श्चर’ हे फोल्डर एकदा मोठ्या आणि एकदा लहान आद्याक्षराने, अशा दोन रूपांत तयार होते. खेळ त्यांतले एकच पाहतो आणि निम्म्या इमारती पांढऱ्या किंवा काळ्या दिसतात. झिप वाइनच्या आतूनच उलगडावी, किंवा दोन्ही फोल्डर हाताने एकत्र करावीत.

इतके केल्यावर एक प्रश्न उभा राहतो: विंडोजचाच सिम्युलेटर का? लिनक्सवर जन्मापासून चालणारे दोन उत्तम सिम्युलेटर आहेत. ऑस्टिन मेयर यांचा एक्स-प्लेन हा पैसे देऊन घ्यायचा. त्याची लिनक्स आवृत्ती कंपनी स्वतः देते आणि मर्यादित प्रदेशावर तो फुकट करून पाहता येतो. त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवे. दुसरा फ्लाइटगिअर. १९९६ मध्ये त्याची कल्पना मांडली गेली, पुढच्या वर्षी पहिल्या आवृत्त्या आल्या, आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो वाढवत आहेत. तो मुक्त परवान्याखाली, विनामूल्य आहे. उबुंटू आणि डेबियनच्या भांडारातून एका आदेशात बसतो. त्याचा मूळ संच दोन जीबीच्या आसपास आहे. चित्र साधे ठेवले तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही उडतो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या इंटेल चिपांत व्हल्कन धड चालत नाही, त्यामुळे तिथे डीएक्सव्हीके आणि प्रोटॉनचा बहुतेक मार्ग बंदच असतो. फ्लाइटगिअर ओपनजीएलवर चालत असल्याने त्याला ही अडचण येत नाही. जुन्या संगणकासाठी हाच सर्वांत योग्य सिम्युलेटर आहे, याबद्दल शंका ठेवण्याचे कारण नाही.

फ्लाइटगिअरची जमीन एकेका अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकोनांत विभागलेली असते. दहा अंशांच्या मोठ्या फोल्डरात एका अंशाची लहान फोल्डरे. सिरोंचा गाव १८.८५ उत्तर आणि ७९.९६ पूर्वच्या आसपास आहे, म्हणून ते ‘ई०७०एन१०’ मधल्या ‘ई०७९एन१८’ या फोल्डरात येते. पण ऐंशी अंशांचे रेखावृत्त गावापासून जेमतेम चार-एक किलोमीटरवर आहे. ते ओलांडले की ‘ई०८०एन१०’ सुरू होते. मेडिगड्डा बंधारा आणि सोमनूरचा इंद्रावती-गोदावरी संगम या पुढच्या चौकोनात आहेत. एकच चौकोन उतरवला तर गावाच्या पूर्वेला जमीन संपून पाणीच पाणी दिसते. टेरासिंक ही सोय चालू ठेवली तर लागतील ते चौकोन आपोआप उतरतात आणि संगणकावर साठून राहतात. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी याचा मोठा फायदा होतो. नागपुरात किंवा चंद्रपुरात एकदा हे फोल्डर उतरवून पेन ड्राइव्हवर आणले की सिरोंच्यात इंटरनेटशिवाय उडता येते. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिम्युलेटरमध्ये हे शक्य नाही.

सिरोंच्याला विमानतळ नाही, म्हणून सुरुवात नागपूरहून करावी. नागपूर विमानतळाचे सांकेतिक नाव व्हीएएनपी. तिथून सिरोंचा सरळ रेषेत सुमारे २६५ किलोमीटर, दिशा साधारण १६० अंश. सेसना १७२ ने ११० नॉटच्या वेगाने सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. वाट ताडोबा-अंधारीच्या जंगलावरून जाते, मग चंद्रपूर उजवीकडे आणि मूल डावीकडे ठेवून गोंडपिपरीकडे. पुढे डाव्या हाताला वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. काही वेळ विमान तेलंगणावर असते, कारण सरळ रेषा नदीच्या पश्चिमेने जाते आणि नदी हीच राज्याची सीमा आहे. प्राणहितेचे पात्र डोळ्यांसमोर ठेवले तर होकायंत्राकडे न पाहताही गोदावरीपर्यंत पोहोचता येते. नदी धरून जाणे ही वैमानिकांची जुनी रीत आणि तिच्या सरावासाठी यापेक्षा सोपी वाट विदर्भात क्वचित सापडेल. उतरायचे असेल तर हेलिकॉप्टर घ्यावे. फ्लाइटगिअरमध्ये बीओ-१०५ चांगले केलेले आहे, आणि निवडणुकीत मतदान पथके हेलिकॉप्टरने जाताना पाहिलेल्या या जिल्ह्याला ते वाहन परकेही नाही.

अशा उड्डाणाचा उपयोग दिशा, वेळ, वारा आणि नकाशा यांची समज येण्यापुरता आहे. परवान्यासाठीच्या तासांत तो धरला जात नाही. त्यासाठी गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरच्या संस्थेसारखे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि विमान वाहतूक महासंचालनालयाने मंजूर केलेली यंत्रेच लागतात. तरी बारावीतल्या विद्यार्थ्याला त्रिकोणमितीचा आणि सदिशांचा इतका जिवंत उपयोग दुसरीकडे सहसा दिसत नाही. लिनक्सची ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतून विनामूल्य आहेत.

फ्लाइटगिअरच्या जमिनीची उणीवही सांगायला हवी. भारतातल्या बऱ्याच भागासाठी उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने केलेल्या रडार मोजणीवर आधारलेली आहे, आणि नद्या-रस्त्यांची माहिती दहा लाखास एक या प्रमाणाच्या जुन्या नकाशावर. त्यामुळे डोंगर खरे वाटतात, पण २०१९ मध्ये सुरू झालेला मेडिगड्डा बंधारा आणि त्यामागचा फुगवटा तिथे दिसत नाही. वडधमच्या जीवाश्म उद्यानाचा मागमूस नाही. सिरोंचा गाव म्हणजे एक रंगीत ठिपका.

ही उणीव लिनक्सची नाही, नकाशाची आहे, आणि ती भरून काढता येते. ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येणारा जगाचा नकाशा आहे. फ्लाइटगिअरसाठीचे ओएसएम२सिटी हे साधन त्यातल्या घरांवरून इमारती उभ्या करते. एक्स-प्लेनचे रस्ते त्यातूनच येतात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्येही हा नकाशा वापरला गेल्याचा पुरावा २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिला. मेलबर्नच्या एका उपनगरातल्या घराचे मजले कोणीतरी २ ऐवजी २१२ लिहिले होते आणि सिम्युलेटरमध्ये तिथे आकाशाला भिडणारा सुळका उभा राहिला. नकाशात एका माणसाने लिहिलेला आकडा जगभरच्या कॉकपिटमधून दिसतो, हे त्यातून सिद्ध झाले. सिरोंचा, अहेरी, भामरागड, एटापल्लीच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी मोबाइल घेऊन आपल्या गावाचे रस्ते, शाळा, पूल, नाले आणि घाट त्या नकाशात नोंदवावेत. नोंद नीट तपासून करावी आणि गावाचे नाव मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत जसे म्हणतात तसे लिहावे.